नाटक संपल्यानंतरचं एक पान

गेल्या मार्चमध्ये, प्रयोगाला आठवडा उरला असताना, सुहासचा फोन आला. मी मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये मागच्या सीटवर पिशव्या ठेवत होते.

"ताई, जय भीम. बिझी आहात का?"

"जय भीम. बोल. खंजिरी मिळाली?"

"मिळाली. ताई, शेवटचं पान कट करू या."

"का?"

तो म्हणाला, "माझा जॉब गेला. तीन आठवडे झाले."

सुहास मूळचा नागपूरचा. शिकागोत सॉफ्टवेअरच्या नोकरीत, वर्क व्हिसावर. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. त्याचे आई-बाबा महिन्याभरापूर्वी पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते आणि त्याच्याच घरी राहत होते. त्यांना त्याने काही सांगितलं नव्हतं. त्यांची परतीची तारीख यायच्या आत दुसरी नोकरी मिळेल, मग सांगू, असा त्याचा हिशेब.

आता शेवटचं पान. सुहासने आपल्या आजोबांवर नाटक लिहिलं होतं. आजोबा नागपुरात कापडगिरणीत कामाला होते आणि रविवारी शाहीर म्हणून जलसे करायचे. जलसा म्हणजे गाणी, सवाल-जवाब, छोटे प्रवेश यांतून वस्तीला जागं करणारा आंबेडकरी कार्यक्रम. आजोबांची भूमिका सुहासच करत होता. नाटक संपल्यावर तो पुढे येणार, आणि आजोबा म्हणून नाही तर स्वतः सुहास म्हणून, घरातल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते सांगणार. शेवटचं वाक्य होतं, "आणि शाहिरांचा नातू आज शिकागोत नोकरीला आहे." या वाक्यावर दिवे जाणार होते. आई-बाबा तिसऱ्या रांगेत बसणार होते.

मी गाडीचं दार लावलं आणि सवयीने पर्याय मोजायला लागले. "एक, पान पूर्ण काढायचं. दोन, वाक्य बदलून 'शिकागोत आहे' एवढंच ठेवायचं. तीन, दुसऱ्या कोणाकडून म्हणवून घ्यायचं. चार, आहे तसंच म्हणायचं. नाटक आहे सुहास, नाटकात सगळेच खोटं बोलतात."

"नाही ना ताई. आधीचा सगळा वेळ मी आजोबा असतो, तेव्हा काहीही बोलीन. शेवटच्या पानावर मी मी असतो. तिथं बोललो तर ते खरंखुरं खोटं होईल."

मी चोवीस वर्षं या धंद्यात आहे. नाटकाच्या शेवटच्या पानाबद्दल इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, दोन दिवस दे. आणि घरी येऊन दूध फ्रिजमध्ये ठेवायचं विसरले. माझ्याकडून असं होत नाही.

माझा धंदा काय, ते सांगायला हवं, कारण नाटकवाल्यांच्याही घरच्यांना तो नीट माहीत नसतो. मी स्टेज मॅनेजर आहे, सुहासच्या या नाटकाचीही. दिग्दर्शकाचं काम पहिल्या प्रयोगाला संपतं, माझं तिथून खरं सुरू होतं. प्रेक्षागृहाच्या मागे काचेच्या केबिनमध्ये हेडसेट लावून बसायचं. समोर संहिता, समासात पेन्सिलीने क्यू लिहिलेले: कुठल्या शब्दाला कुठला दिवा, कुठला आवाज, कुठला पडदा. मी 'स्टँडबाय' म्हटलं की दिव्यांचा माणूस बटणावर बोट ठेवतो, 'गो' म्हटलं की दाबतो. नट चुकला तर लोक त्याला माफ करतात. मी अर्धा सेकंद चुकले तर मेलेला माणूस उजेडात उठून चालताना दिसतो.

या कामात मी ठरवून आले नाही. लग्न करून मिशिगनला आले तेव्हा नवरा मोटारींच्या कंपनीत, आणि माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही. घरात बसून भांडीही किती वेळा लावणार? जवळच्या एका कॉलेजच्या थिएटरमध्ये फुकट काम करणारी माणसं हवी होती. मी गेले, त्यांच्या वेशभूषेच्या खोलीतली कपाटं आवरली, प्रत्येक खणावर चिठ्ठ्या लावल्या. तिथली दिग्दर्शिका डायना, सत्तरीची, गळ्यात दोन चष्मे लटकवून फिरणारी, ती कपाटं बघून म्हणाली, "तुला घड्याळ लावून खुर्चीवर बसता येतं का?" येतं म्हटलं. पुढे परवानगी मिळाली, पगार सुरू झाला. डायना आता नाही. पण अजूनही रंगमंच रिकामा असला की ती विंगेतून एक चष्मा डोळ्यावर, एक हातात असं करत येईल असं वाटतं.

शेवटच्या पानाचा पहिला धडा तिनेच दिला. जुन्या पद्धतीचं नाटक होतं, शेवटी एपिलॉग. आपल्याकडे नाटकात त्याला भरतवाक्य म्हणतात, पुस्तकात उपसंहार. संस्कृत नाटकात नट शेवटी सगळ्यांचं भलं चिंतायचे: पाऊस पडो, पिकं येवोत, राजा नीट वागो. इंग्रजी नाटकात एखादा नट पुढे येऊन म्हणायचा, चुकलंमाकलं पोटात घाला आणि जरा टाळ्या वाजवा. आमच्या नाटकात हे काम राणीकडे होतं. केली नावाची विद्यार्थिनी राणी झाली होती. पहिल्या प्रयोगाला राणीच्या शेवटच्या वाक्यावर मी अंधार केला, जसं लिहिलं होतं तसा. लोकांना वाटलं संपलं. टाळ्या झाल्या, लोक उठले, कोट चढवायला लागले. मी दिवे परत आणले तर मुकुट घातलेली बिचारी केली एकटी उभी, आणि समोर सगळ्यांच्या पाठी. तिने सगळा एपिलॉग त्या पाठींना ऐकवला आणि आत येऊन रडली.

डायना म्हणाली, "लोक पाठ फिरवतात तेव्हा चूक नटाची नसते, दिव्याची असते." दुसऱ्या दिवशी तिने अंधारच काढून टाकला. राणीचं शेवटचं वाक्य झाल्यावर केलीने सिंहासनाच्या कडेवर बसून मुकुट काढला, मग विग काढला आणि दोन्ही हातांनी खसाखसा डोकं खाजवलं. लोक हसले. एकही जण उठला नाही. राणीच्या डोक्याला खाज सुटते, हे बघायला सगळे थांबले, आणि मग ती बोलली ते त्यांनी ऐकून घेतलं.

तेव्हा मला कळलं की नाटकाचा शेवट आणि हे पान, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवट नाटकातल्या प्रश्नाचं उत्तर देतो. हे पान प्रेक्षकाला घरी पोचवायला येतं. आपण पाहुण्याला दारापर्यंत नाही, गाडीपर्यंत जातो ना, आणि गाडीची काच खाली करायला लावून आणखी दहा मिनिटं बोलतो, तसं. खरं बोलणं बरेचदा त्या काचेतूनच होतं.

आमच्या ट्रॉयच्या मराठी मंडळात हा धडा मला वेगळ्या कामाला आला. मंडळाचं गणपतीतलं नाटक मी बसवून द्यायचे. खजिनदार दिलीपकाका, निवृत्त इंजिनिअर, आवाज असा की माईक लाजेल. एका वर्षी नायिका नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून मेली. मी दिवे हळूहळू उतरवत होते. लोकांच्या नाकाचा सूं सूं आवाज केबिनपर्यंत येत होता. तेवढ्यात काका विंगेतून थेट मधोमध.

"एक मिनिट, एक मिनिट! कोणीही उठू नका! जेवणाच्या दोन लाइनी आहेत, लहान मुलांची डावीकडे. आणि सिल्व्हर मिनीव्हॅन कोणाची आहे, ती केटरिंगच्या ट्रकला आडवी लागलीये!"

नायकाच्या मांडीवरून मेलेली नायिका उठली. "अय्या, आमची आहे!"

मी काकांना नंतर गाठलं. "काका, निदान तिला थंड तरी होऊ द्यायचं."

"अगं, तिच्या नादात पुऱ्या थंड होत होत्या त्याचं काय?"

पुढच्या वर्षी मी सगळ्या सूचना नाटकातच घातल्या. खलनायक हातातली बेडी दाखवत पुढे आला आणि म्हणाला, मी तर तुरुंगात निघालो, तुम्ही जेवायला निघा, रांगा दोन आहेत, माझ्यासारखी घुसखोरी करू नका. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काका मात्र रुसले. "मग मी काय करायचं?" तिसऱ्या वर्षी ते पान काकांनाच दिलं, खुद्द खजिनदाराच्या भूमिकेत. तेव्हापासून वाचनाच्या पहिल्या दिवशी काका विचारायचे, "या नाटकात माझं भरतवाक्य आहे ना गं?" असायचंच. आता काका ॲरिझोनाला मुलाकडे राहायला गेले. सूचना सगळ्यांच्या फोनवर जातात. रांगा शिस्तीत लागतात आणि फार कंटाळवाण्या असतात.

उलटा अनुभव दुसऱ्या राज्यात, हर्नडनला आला. केतन पुण्याचा, आयटीतला, नाटककार आणि दिग्दर्शकही. त्याने संहिता पाठवली, फाइलच्या नावातच तीनदा फायनल. शेवटी दोन पानांचा एपिलॉग, त्यात नाटकातली खुर्ची म्हणजे सत्ता, पंखा म्हणजे काळ, असा सगळा उलगडा.

मी म्हटलं, "केतन, हे तू लोकांना आधीच्या दोन तासांत दाखवलंयस ना?"

"हो, पण नाही कळलं तर?"

"नाही कळलं तर पंखा नीट फिरव. माफी माग, आशीर्वाद दे, पुढे काय झालं ते सांग, हवं तर भांड. पण नाटक समजावून सांगू नकोस."

"यार ताई, तुम्ही म्हणजे ना फार स्ट्रिक्ट." पण एक पान कमी केलं. खुर्ची ठेवली.

कादंबऱ्यांचंही तेच. कोणाचं लग्न झालं, कोण गावी परतलं, हे सांगणारे उपसंहार मला मनापासून आवडतात. दुकानात पुस्तक हातात घेतलं की मी आधी मागचीच पानं उघडते. माझी मुलगी ओरडते, "मॉम, दॅट्स चीटिंग!" मी म्हणते, चीटिंग नाही बाई, माणसं सुखरूप पोचली का ते बघून घेतेय, मग निवांत वाचेन.

हे सगळं पाठीशी असून सुहासला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. पान काढून टाकलं तरी नाटक उभं राहत होतं. शेवटचा प्रवेश असा होता: आजोबा गात असतात, गिरणीचा भोंगा होतो, आणि ते गाणं अर्ध्यावर सोडून डबा उचलून पाळीला जातात. उत्तम शेवट. तिथेच अंधार केला असता तर कोणाची तक्रार नव्हती. पण मग शाहिरांच्या घराचं पुढे काय झालं, ते तसंच राहिलं असतं. आणि ते सांगायलाच त्याने नाटक लिहिलं होतं.

दोन दिवसांनी मी फोन केला. "हे बघ, नाटकासाठी काढायचं असेल तर आत्ता काढ, मी पेन्सिल घेऊन बसलेय. आई-बाबांसाठी काढायचं असेल तर ते माझ्या अखत्यारीत नाही. त्यांना आधी घरी सांगून टाक, मग पान आपोआप सुटेल."

"कसं सांगू ताई? आई रोज डेव्हनच्या देशी बाजारात जाते, भाजीवाल्याला, मिठाईवाल्याला, बसमधल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगते, माझा मुलगा इंजिनिअर आहे म्हणून. बाबांनी माझ्या ऑफिसच्या बिल्डिंगसमोर फोटो काढून घेतला. परवा! मी आत जायचं नाटक करून मागच्या दारानं बाहेर आलो."

"आणि दिवसभर?"

"लायब्ररीत. अप्लाय करतो. चार इंटरव्ह्यू झाले."

"काही?"

"कळवतो म्हणाले."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी गाडी काढून शिकागोला गेले. तालमीत सुहास ते पान म्हणायचंच टाळत होता. "ते उद्या बघू," म्हणे. मी त्याला बाजूला घेतलं.

"मला क्यूचा शब्द हवा. 'नोकरीला आहे' वर मी अंधार करते. तू तो शब्द म्हणणार आहेस की नाही?"

"ताई, खरंच माहीत नाही. तुम्हाला कळेल तेव्हा."

'कळेल' हा शब्द मला अजिबात चालत नाही. पण त्याचा चेहरा बघून मी दिव्यांच्या बाजूला वळले. दिव्यांवर अश्विनी होती, मुंबईची, इथे दातांची डॉक्टर. तिला फक्त एवढंच सांगितलं, "शेवटच्या पानावर मी गो म्हणेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी."

"काहीही म्हणजे?"

"म्हणजे काहीही."

रविवारी दुपारी प्रयोग. डेव्हन ॲव्हेन्यूपासून जवळच्या एका शाळेचा हॉल, पार्किंग मिळवता मिळवता निम्मा प्रेक्षक धापा टाकत आला. सुहासची आई तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या साडीवर मुलाचा जाडजूड कोट. शेजारी बाबा, गुडघ्यावर टोपी. मध्यंतरात आईंनी मला समोसा आणून दिला. "लेक चांगला करते ना वो?" मी म्हटलं, फार चांगला करतोय. तेवढंच खरं मला बोलता येत होतं.

दुसरा अंक झाला. भोंगा झाला. आजोबा डबा उचलून गेले. मी अंधार केला नाही, दिवा फक्त थोडा पिवळा केला. सुहास परत आला, डोक्याचं मुंडासं सोडून खांद्यावर टाकलं आणि बोलायला लागला.

थोरली आत्या शिक्षिका झाली. काकांनी वस्तीत वाचनालय काढलं, ते अजून आहे. गिरणी बंद पडली, तिथे आता फ्लॅट आहेत. "शाहिरांचा धाकटा मुलगा लहानपणी त्यांच्यामागं उभा राहून झील धरायचा. तो मोठा झाला, बस डेपोत मेकॅनिक झाला, दोन पोरांना शिकवलं. ते माझे बाबा."

झील म्हणजे शाहिराने कडवं टाकलं की मागच्यांनी ज्या सुरात साथ द्यायची तो.

"दिवे, स्टँडबाय," मी हेडसेटमध्ये म्हटलं.

"स्टँडबाय," अश्विनी म्हणाली.

"आणि शाहिरांचा नातू," सुहास म्हणाला. थांबला. "शिकागोत आहे." पुन्हा थांबला. तिथेच 'गो' म्हटलं असतं तर पर्याय दोन झाला असता. कोणालाही काही कळलं नसतं. माझ्या जिभेवर आला होता शब्द. पण सुहास अजून श्वास घेत होता, आणि बोलायला श्वास घेणारा नट केबिनमधूनही ओळखू येतो.

"नोकरीला होता," सुहास म्हणाला. "गेल्या महिन्यात नोकरी गेली. घरी सांगितलं नाही. रोज बॅग घेऊन बाहेर पडतो. आई, बाबा, हे नाटकातलं नाही."

हॉलमधल्या बहुतेकांना ते नाटकातलंच वाटलं. कोणीतरी 'वा' म्हणालं. दोन-चार टाळ्याही पडल्या. मग त्या एकेक करून थांबल्या, कारण सुहास वाकून अभिवादन करत नव्हता. नुसता उभा होता.

"ताई, गो? गो करू?" अश्विनीने हेडसेटवर विचारलं.

"थांब."

"ताई, तो रडतोय."

"दिसतंय मला. थांब."

तिसऱ्या रांगेत बाबा उभे राहिले. मला वाटलं, निघाले. टोपी त्यांनी खुर्चीवर ठेवली. एक हात कानावर ठेवला आणि गळा मोकळा करून, खर्जात, सावकाश, त्यांनी झील धरली. "जी जी रं जी..."

एकटा म्हातारा आवाज. रंगमंचावर मागे उभ्या असलेल्या तिघा झीलकऱ्यांना आधी काही सुचेना. हे संहितेत नव्हतं. मग त्यांच्यातल्या एकाने उचललं, मग तिघांनी, मग इथल्या बुद्धविहारातून आलेल्या बायकांनी, मग हॉलने. सुहासने तोंडावरून मुंडासं फिरवलं आणि हातातली खंजिरी वाजवली. ताल चुकला. कोणाला पर्वा नव्हती.

कधी तरी मी गो म्हटलं. कधी, ते आठवत नाही. अश्विनी म्हणते मी म्हटलंच नाही, तिनेच बटण दाबलं. माझ्या संहितेत त्या जागी काही लिहिलेलं नाही.

रंगपटात गेले तर आई सुहाससमोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"मायबापाले सांगायच्या आधी साऱ्या हॉलले सांगतं का रे तू?"

"आई, मी..."

"काय आई? अन् मी त्या मिठाईवाल्याले रोज सांगते, माझा पोरगा हापिसात गेला म्हणून! हसत असन तो मले."

"त्याला कुठं माहीत आहे आई."

"आता झालं ना माहीत! तो पाचव्या रांगेत बसला होता."

बाबा खुर्चीवर बसून खंजिरी न्याहाळत होते. न बघता म्हणाले, "फोटो कायले काढू दिला मग हापिसासमोर? थंडीत उभं केलं मले." आणि हसायला लागले. मग सुहास हसला, मग आई रडायला लागल्या. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. ते माझ्या कामात बसतं.

त्या संध्याकाळी जेवायला गेलो तेव्हा बाबा माझ्या शेजारी होते. म्हणाले, "ताई, राग आहे मले त्याचा. पण तो 'नोकरीला आहे' म्हणून बोलला असता, अन् मले मागाहून कळलं असतं, तर मी हे नाटक पुन्हा आठवू शकलो नसतो. माझ्या बापाचं नाटक." मग डाळ वाढून घेतली आणि विचारलं, "तुम्ही दिवे कायले घालवले नाही?"

मी म्हटलं, "तो बोलायचा होता."

"हं," म्हणाले. "मी बी."

पुस्तकाची मागची पानं आधी उघडणाऱ्यांसाठी पुढचं सांगून टाकते. नोकरी मिळाली नाही. एका ठिकाणी अगदी शेवटपर्यंत गेलं आणि राहिलं. मुदत संपायच्या आत सुहास आई-बाबांबरोबरच परत गेला. भाड्याचं घर रिकामं करताना आईंनी कुकर अश्विनीला दिला आणि वापरायचा कसा, हे तिला दातांच्या डॉक्टरला समजावतात तसं नाही, लहान मुलीला समजावतात तसं समजावलं. मी विमानतळावर गेले नाही. निरोपाच्या जागी मला काय करायचं ते कळत नाही. इतकी वर्षं इतरांचे शेवट वेळेवर उरकून देते, पण चोवीस वर्षांत एकही नाटक मी समोर बसून पाहिलेलं नाही, याचं त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

हिवाळ्यात सुहासचा मेसेज आला. वस्तीतल्या काकांच्या वाचनालयासमोर मांडव घालून नाटक करतोय, तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघा. नागपुरात संध्याकाळ, ट्रॉयमध्ये रविवारची सकाळ. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. हेडसेट नाही, संहिता नाही, पेन्सिल नाही. हात कुठे ठेवायचे ते कळेना. शेवटी मांडीवर ठेवले.

मागे झील धरायला बाबा उभे होते, सगळ्यांत उजवीकडे. भोंग्याचा आवाज कोणीतरी शंखातून काढला. आजोबा डबा घेऊन गेले, आणि सुहास पुढे आला. आत्या, काका, गिरणी, बाबा. मग म्हणाला, "अन् शाहिरांचा नातू अमेरिकेतून परत आला. सध्या घरी आहे. नोकरी शोधतोय."

"बरं झालं आला!" पुढच्या सतरंजीवरून एक म्हातारी मावशी ओरडली. "तुझ्या मायचं वजन अर्धं झालं होतं तिकडं जाऊन!"

मांडव हसला. सुहासने हात जोडून पुढचं बोलायचा प्रयत्न केला.

"थांब, मी बोलते," मावशी म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या. "तुझ्या आज्याचं एक तू सांगितलंच नाही. त्यानं माझ्या लग्नात..."

सुहासने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. सुहास रंगमंचाच्या कडेवर पाय सोडून बसला, खंजिरी मांडीवर घेऊन.

मी फोन उचलून आवाज वाढवला. चहा थंड झाला होता. मावशी अजून बोलत होत्या.